नियोजनाआधी वसाहत : धुळे व जळगाव येथील नागरीकरणाची चिकित्सा

खानदेशातील नागरीकरणाचा विचार करताना धुळे शहराचे काटकोनी रस्ते हटकून उदाहरणादाखल दिले जातात. या आखणीचे श्रेय पुष्कळदा सर विश्वेश्वरय्या यांना दिले जाते. वस्तुतः ती कॅप्टन ब्रिग्ज यांच्या काळातील, म्हणजे १८१९ नंतरची आहे. विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६१ चा. हा तपशील किरकोळ नाही. नियोजन ही एखाद्या प्रज्ञावंताची देणगी मानली, की संस्थांचे उत्तरदायित्व आपोआप नजरेआड होते.

ब्रिग्ज यांनी आधी रस्ते आखले, मग व्यापारी व कारागिरांना वसण्यास उत्तेजन दिले. त्यामागे महसुलाचा व सत्तेच्या स्थैर्याचा हेतू होता. त्यामुळे त्याचा गौरव मर्यादेतच करावा लागेल. तथापि क्रम योग्य होता. आज तो उलटला आहे. शेतजमीन बिनशेती होते, भूखंड विकले जातात, घरे उभी राहतात आणि रस्ता, गटार, नळ यांसाठी नागरिकांना वर्षानुवर्षे अर्ज करावे लागतात. काळ्या मातीच्या या प्रदेशात पहिल्याच पावसात त्याची प्रचीती येते.

१९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने विकास आराखडा बंधनकारक केला. मात्र त्याच्या पुनर्विलोकनासाठी २० वर्षांची मुदत ठेवली. २००३ मध्ये दोन्ही शहरांत महानगरपालिका आल्या. २०११ च्या जनगणनेनुसार जळगावची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार, तर धुळ्याची सुमारे ३ लाख ७५ हजार होती. दर्जा वाढला, त्या प्रमाणात क्षमता वाढली काय, हा खरा प्रश्न आहे.

जळगावच्या घरकुल योजनेने त्याचे कटू उत्तर दिले. झोपडपट्टीवासीयांसाठी कर्ज काढून आखलेल्या या योजनेतील बहुसंख्य घरे अपूर्ण राहिली. ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने या प्रकरणी ४८ जणांना दोषी ठरवले. परंतु न्यायनिवाड्याने छप्पर मिळत नाही.

पाण्याबाबतही हेच दिसते. जळगाव वाघूर धरणावर, तर पांझराकाठचे धुळे मोठ्या प्रमाणात दूरच्या तापीवर विसंबून आहे. गावातील नदी मात्र सांडपाणी वाहते.

सारांश, शाश्वत शहर म्हणजे सुबक नकाशा नव्हे. पाणी, निचरा व रस्ता सिद्ध झाल्याखेरीज भूखंडविक्रीस परवानगी न देणे आणि आराखड्याच्या अंमलबजावणीचा हिशेब दरवर्षी प्रभागनिहाय नागरिकांपुढे मांडणे, या दोन गोष्टी झाल्या तरच नियोजन या शब्दाला अर्थ उरेल.