दोनशे पस्तीस

5 ऑक्टोबर 2023. चीनमधल्या हांगझोऊला आशियाई क्रीडा स्पर्धेत कंपाउंड धनुर्विद्येचा पुरुषांचा सांघिक अंतिम सामना झाला. भारत 235, दक्षिण कोरिया 230. अभिषेक वर्मा, नागपूरचा ओजस देवतळे आणि आमच्या बुलढाण्याचा प्रथमेश जावकर. गावाचं नाव ऐकलं आणि ऊर भरून आला. पण ऊर भरून येणं वेगळं आणि सामन्याची गोडी कळणं वेगळं. ती गोडी मला नंतर, तो सामना पुन्हा पुन्हा पाहताना लागली.

आधी त्या आकड्याकडेच नीट बघू. तिघांनी मिळून 24 बाण सोडायचे, प्रत्येकी आठ. प्रत्येक बाणाला जास्तीत जास्त दहा गुण, म्हणजे एकूण 240. त्यातले भारताचे फक्त पाच गेले. हिशेब करून पाहा, 24 पैकी निदान 19 बाण दहाच्या वर्तुळात बसल्याशिवाय 235 होतच नाहीत. ते वर्तुळ आठ सेंटीमीटर व्यासाचं, लहानशा वाटीच्या तोंडाएवढं, आणि पन्नास मीटरवर. इतक्या लांबून नुसत्या डोळ्यांना पिवळा ठिपका दिसतो, बस्स.

कंपाउंड धनुष्याला टोकांशी चाकं असतात, म्हणून हे काम यंत्रच करतं असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. दोरी ओढताना 60 पौंडांपर्यंतचा, म्हणजे जवळजवळ 27 किलोंचा ताण खांद्यावर येतो. मग चाक फिरतं आणि त्यातला बराचसा भार एकाएकी उतरतो. खरी परीक्षा तिथून पुढं सुरू होते. हात मोकळा झाल्यासारखा वाटतो आणि धनुष्यावरच्या नेमाच्या भिंगातला ठिपका लक्ष्यावर हिंडू लागतो. तो कधीच पूर्ण थांबत नाही. नवखा धनुर्धर ठिपका मध्यावर आला रे आला की दोरी सोडणारा चाप दाबतो, आणि बाण नवात जातो. जाणता माणूस ठिपक्याला हिंडू देतो. तो फक्त पाठीचा ताण हळूहळू वाढवत राहतो आणि बाण आपसूक सुटतो, सोडणाऱ्यालाही क्षणभर नकळत. प्रथमेशचा बाण सुटतो तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघा. पापणीसुद्धा हलत नाही. बाण गेल्यावरही डावा हात तसाच लक्ष्याकडे रोखलेला राहतो. पुढचं मागचं काही मनात नसलेल्या माणसाचा तो हात आहे.

सांघिक सामन्यात याला घड्याळाची जोड मिळते. सहा बाणांना दोन मिनिटं, म्हणजे बाणामागे वीस सेकंद, आणि त्यातच आत येणं आणि बाहेर जाणं. एका वेळी रेषेवर एकच जण. बाकी दोघं एक मीटर मागं. रेषेवर पाय पडेपर्यंत भात्यातून बाण काढायचा नाही. पहिल्यानं वेळ खाल्ला तर तो तिसऱ्याच्या वाट्याचा जातो. म्हणून सांघिक धनुर्विद्येत दानत नावाची गोष्ट सेकंदांत मोजता येते. हांगझोऊला या तिघांची अदलाबदल इतकी सहज होती, की एक जण मागं सरताना दुसरा पुढं सरकलेलाच असे. घाई कुठंच दिसली नाही. मला त्या सामन्यात सर्वांत सुंदर वाटली ती हीच गोष्ट. बाणांहूनही.

या सुवर्णामागं एक जुनी कथा आहे. कंपाउंड प्रकार आशियाई स्पर्धेत 2014 ला इंचॉनमध्ये आला. त्या अंतिम फेरीतही भारत आणि कोरियाच समोरासमोर होते. भारतानं 227-225 असं जिंकलं. 2018 ला जकार्तामध्ये पुन्हा तेच दोघं, 229-229 अशी बरोबरी, आणि शूट-ऑफमध्ये सोनं हातचं गेलं. दोन्ही वेळा संघात अभिषेक वर्मा होता. तिसऱ्यांदा तो रेषेवर आला तेव्हा त्याच्याबरोबर दोन वैदर्भीय तरुण होते. कोरिया त्या दिवशी वाईट खेळला असं कुणी म्हणू नये. 230 गुणांवर त्यांना मागच्या दोन्ही फायनलमध्ये सोनं मिळालं असतं. इथं ते पाच गुणांनी हरले. धनुर्विद्येत एवढं अंतर म्हणजे दणदणीत.

भारताला त्या स्पर्धेत 28 सुवर्णांसह 107 पदकं मिळाली. कंपाउंडची पाचही सुवर्णं आपली. ओजसनं एकट्यानं तीन जिंकली, साताऱ्याच्या अदिती स्वामीनं सांघिक सुवर्णासोबत वैयक्तिक कांस्यही आणलं. प्रथमेशच्या वाट्याला मात्र एकच पदक. वैयक्तिक बाद फेरीत एका देशाचे दोनच धनुर्धर जातात, आणि तिथं ओजस आणि अभिषेक होते. हे कुणाला खटकेल, कारण तेच वर्ष प्रथमेशचं होतं. मे महिन्यात शांघायच्या विश्वचषकात, 19 व्या वर्षी, त्यानं जगातल्या अव्वल क्रमांकाच्या माइक श्लोसरला 149-148 असं हरवलं होतं. पंधरा बाणांत चौदा दहा आणि एक नऊ. सप्टेंबरमध्ये मेक्सिकोतल्या विश्वचषक फायनलमध्ये त्यानं श्लोसरला पुन्हा गाठलं, पुढं डेन्मार्कच्या मथियास फुलरटनकडून शूट-ऑफमध्ये हरला आणि रौप्य घेऊन आला. असा माणूस महिन्याच्या आत हांगझोऊला आला आणि तिघांतला एक होऊन उभा राहिला.

आमच्याकडे पेरणीला तिफण चालते. चाड्यावर मूठ धरणाऱ्याचं सगळं कसब तिन्ही नळ्यांतून दाणे सारखे पडण्यात असतं. एक नळी तुंबली तर पेरताना कळत नाही, आठवड्यानं एक तास मोकळाच दिसतो तेव्हा कळतं. धनुर्विद्येत मात्र तुंबलेली नळी त्याच सेकंदाला फलकावर दिसते. या 235 मध्ये एकही तास मोकळा नव्हता. त्यातला कुठला दहा कुणाचा, हे मला पुन्हा पाहूनही लक्षात ठेवावंसं वाटलं नाही.

बुलढाणा घाटावरचं गाव. रेल्वे गाठायची तर घाट उतरून मलकापूरला जावं लागतं. प्रथमेश घडला तो इथंच, प्रशिक्षक चंद्रकांत इलग यांच्या हाताखाली. हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं, कारण चांगलं काही शिकायचं तर पुण्यामुंबईला जावं लागतं, हे आमच्या मुलांच्या मनात फार खोल रुजलेलं आहे.

2028 ला लॉस एंजलिसमध्ये कंपाउंड पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये येतंय, पण फक्त मिश्र जोडीचं. पुरुषांचं त्रिकूट तिथं नाही. म्हणून हांगझोऊचा हा सामना कधी सापडला तर जरूर बघा. बघताना एकदा तरी गुणफलक आणि लक्ष्य दोन्ही सोडून द्या, आणि रेषेच्या एक मीटर मागं आपल्या पाळीची वाट बघत उभ्या असलेल्या त्या वीस वर्षांच्या पोराकडे बघा.