जुन्याच्या शेजारी नवे

जुन्या घराला नवी खोली जोडायची म्हटली की घरात दोन पक्ष पडतात. एकाला तशीच कमान, तसेच खांब हवे असतात. दुसऱ्याला जुने पाडूनच मोकळे व्हायचे असते. इमारत विद्यापीठाची असली तर हा वाद अधिकच चिघळतो, कारण तिच्या दगडांत अनेक पिढ्यांचे शिकण्याचे दिवस मुरलेले असतात.

अमेरिकेतील येल विद्यापीठाचे कलादालन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. न्यू हेवन येथे १९२८ साली एगर्टन स्वार्टवाउट याने कमानींची, जुन्या इटालियन वाड्यांची आठवण देणारी दगडी इमारत उभारली. पुढे १९५३ मध्ये तिला लागूनच लुई काह्न याने नवी इमारत जोडली. काह्न तेव्हा येललाच शिकवीत असे, आणि मोठे म्हणावे असे हे त्याचे पहिलेच काम.

कमान त्याने एकही घेतली नाही. रस्त्याच्या बाजूला विटांची सलग भिंत, खिडकीचे नाव नाही. तिच्यावर दगडाच्या आडव्या पट्ट्या तेवढ्या आहेत, आणि आत मजले कोठे आहेत ते त्या सांगतात. दुसऱ्या अंगाला मात्र काचच काच! आत गेले की नजर वर खिळते. काँक्रीटच्या त्रिकोणी घरांचे छत, आणि त्याच्याच पोकळीतून हवेचे नळ नेलेले. या रचनेत अ‍ॅन टिंग या त्याच्या सहकारी स्त्रीचा मोठा वाटा होता, हे विसरता कामा नये.

मग नात्याची खूण कोठे? ती भिंतीच्या भारदस्तपणात आहे, जुन्या इमारतीच्या आडव्या रेषांना ओ देणाऱ्या त्या पट्ट्यांत आहे. नवी सून सासूचे लुगडे नेसत नाही, पण घराची रीत सांभाळते, तसे हे झाले. दोष नाहीत असे नव्हे. ती मुकी भिंत वाटसरूला परकी वाटते. आणि काचांवर हिवाळ्यात पाणी धरत असे, म्हणून २००६ साली पुऱ्या झालेल्या जीर्णोद्धारात त्या बदलाव्या लागल्या.

पण काळाची गंमत पाहा. याच काह्नने पुढे अहमदाबादची व्यवस्थापन संस्था बांधली. तिथल्या अठरांपैकी चौदा वसतिगृहे पाडण्याचा बेत डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाला आणि जगभरातून विरोध झाल्यावर १ जानेवारी २०२१ रोजी मागे घेतला गेला. २०२२ मध्ये नवे बांधण्याची भाषा पुन्हा सुरू झाली. विटा झिजल्या, भिंती गळतात, मुलांच्या जिवाची काळजी आहे, ही संस्थेची बाजूही खोटी म्हणता येत नाही.

म्हणजे कालचा बंडखोर आज वाडवडिलांच्या रांगेत जाऊन बसला! नक्कल करणाऱ्याला हे भाग्य लाभत नाही. जुन्याला जोड देताना आपल्या काळाशी प्रामाणिक राहावे, शेजाऱ्याची मर्यादा राखावी, आणि आपलीही भिंत एक दिवस जुनी होणार, तेव्हा ती दुरुस्त करता यावी, एवढे भान ठेवावे. या तिसऱ्या कसोटीला काह्नही पुरता उतरला नाही. नव्या वास्तुशिल्पींनी त्याच्याकडून शिकायचे ते या उणिवेसकट.