दुसरा रिमोट

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने तयार केलेला 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा व्हिडिओ गेम २०२० साली बाजारात आला. त्याची नायिका कसरती करणारी एक मुलगी आहे. राक्षसांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला शोधायला ती निघते. आम्ही दोघातिघांनी हा खेळ उशिरा का होईना, शेवटपर्यंत खेळून पाहिला. पण त्याविषयी लिहिण्यापूर्वी थोडे मागे, चितेगावला जायला हवे. या खेळात नवे काय आणि जुनेच काय, हे तिथल्या एका जुन्या दृश्याशेजारी ठेवल्यावर आम्हांला नीट दिसले.

औरंगाबादहून (आजचे छत्रपती संभाजीनगर) पैठणच्या रस्त्याला लागले की चितेगाव येते. येथील व्हिडिओकॉनच्या कारखान्यात अनेक वर्षे दूरचित्रवाणी संच तयार होत. पुढे २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तो वेगळा विषय. १९९० च्या दशकात मात्र या परिसरातल्या कामगारांच्या घरांत टीव्ही ही नवलाची वस्तू उरली नव्हती, आणि टीव्हीच्या अँटेनाच्या खाचेत वायर खुपसून खेळायचा 'टीव्ही गेम'ही हळूहळू येऊ लागला होता. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या 'फॅमिकॉम' यंत्राच्या त्या स्वस्त नकला होत्या. वर कॅसेट बसवायची, आणि खेळायला दोन रिमोट. बटणांच्या त्या चपट्या डबीला वायर असूनही सगळे रिमोटच म्हणत.

आम्ही पाहिलेल्या घरांत पहिला रिमोट भावाकडे असे आणि दुसरा बहिणीकडे. शेजारचा मित्र आला की दुसराही तिच्याकडून जाई. आता या दोन रिमोटमधला एक फरक पाहा. मूळ जपानी यंत्राच्या दुसऱ्या रिमोटवर 'स्टार्ट' आणि 'सिलेक्ट' ही बटणे नव्हतीच, आणि कित्येक नकलांतही ती नसत. खेळ सुरू करणे, मध्येच थांबवणे, कोणता खेळ खेळायचा ते ठरवणे, हे सारे पहिल्या रिमोटकडे. हे काही मुलींना दूर ठेवण्यासाठी केले नव्हते. पण घरात ज्याचा हात आधी पुढे जातो त्याच्याकडे अधिकाराची बटणे आपोआप जात.

त्या काळी सर्वांत आवडता खेळ म्हणजे १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स'. दोघांनी खेळायचे तर पहिला मारिओ, दुसरा लुईजी. दोघे एकाच वेळी पडद्यावर नसतात. मारिओचा जीव गेला की लुईजीची पाळी, लुईजीचा गेला की पुन्हा मारिओची. वरवर पाहता नियम अगदी न्याय्य. पण वर्गात करून पाहण्याजोगे एक गणित त्यात दडले आहे. समजा, भावाला थोडा सराव आहे आणि त्याचा जीव ६ मिनिटे टिकतो. बहिणीचा २ मिनिटे. दोघांची एकेक पाळी मिळून ८ मिनिटे. म्हणजे तासाभरात भावाच्या हाती रिमोट ४५ मिनिटे आणि बहिणीच्या हाती १५ मिनिटे. सराव तिप्पट झाल्याने भाऊ आणखी सुधारतो. तो ८ मिनिटे टिकू लागला आणि बहीण २ मिनिटांवरच राहिली, तर तिच्या वाट्याला १५ ऐवजी १२ मिनिटे येतात. ज्याला येते त्याला अधिक मिळते, आणि अधिक मिळते म्हणून अधिक येते. महिन्याभराने घरातले कोणीतरी सहज म्हणते, "तिला नाही जमत, मुलींना त्यात रसच नसतो." नियमात 'मुलगी' हा शब्द कुठेही नसताना निष्कर्ष मात्र मुलीवर निघतो.

आम्हांला याचे विशेष वाटते ते आणखी एका कारणाने. विटीदांडू, क्रिकेट, गोट्या हे खेळ मुलींना का नाहीत, याची उत्तरे घरोघरी ठरलेली होती : मैदान लांब आहे, अंधार पडतो, लागेल, कपडे आवरत नाहीत. मुलींच्या वाट्याला अंगणातले आणि ओसरीवरचे खेळ, म्हणजे सागरगोटे, काचापाणी, फुगड्या. टीव्ही गेमला यातले एकही कारण लागू पडत नव्हते. खेळ घरातच, दिवा लावून, सतरंजीवर बसून खेळायचा. अंगबळ लागत नाही. लागतो तो नजर आणि बोटे यांचा मेळ, आणि सागरगोट्यांत मुली नेमका तोच मेळ वर्षानुवर्षे गिरवत असतात. जुनी सारी कारणे गळून पडली तरी रिवाज तसाच राहिला. मग ती कारणे खरी होती का, असा प्रश्न पडतो.

पडद्यावर दिसणाऱ्या बाईचीही यात भर पडली. मारिओमधली राजकन्या शेवटच्या किल्ल्यात बसून वाट पाहते. तिला वाचवणे हे खेळाचे बक्षीस. त्याच्या पाच वर्षे आधी, १९८० साली, जपानच्या तोरू इवातानी यांनी 'पॅक-मॅन' रचला, तो खेळघरांत स्त्रियाही याव्यात या हेतूने. हेतू चांगला, पण स्त्रियांना काय आवडते याचा विचार करताना ते खाण्यापाशी येऊन थांबले आणि गट्ट करत फिरणारे तोंड तयार झाले. खेळ अप्रतिम आहे, त्यामागचा तर्क मात्र हळदीकुंकवाच्या पलीकडे जात नाही. १९८६ च्या 'मेट्रॉइड'मध्ये चिलखतातला योद्धा शेवटी स्त्री निघतो. हे धाडसाचे होते. पण खेळ जितक्या कमी वेळात संपवावा तितके शेवटी तिच्या अंगावरचे कपडे कमी! नायिका म्हणून ती आली आणि बक्षीस म्हणून गेली. २००५ साली मारिओच्या राजकन्येला अखेर स्वतःचा खेळ मिळाला, 'सुपर प्रिन्सेस पीच'. त्यात तिची खास अस्त्रे कोणती, तर हसणे, रडणे, रागावणे आणि शांत होणे. मारिओ उडी मारून जग जिंकतो, पीच अश्रू ढाळून झाडे वाढवते.

या पार्श्वभूमीवर 'राजी' हाती घेतली की पहिला अर्धा तास फार सुखाचा जातो. राजी खांबाला लटकते, भिंतीवर धावते, गोल फिरून त्रिशूळ चालवते. तिचे शरीर हे काम करणारे शरीर आहे. कॅमेरा बहुतेक वेळ दूर आणि उंचावर असतो. भव्य वाड्यांच्या, किल्ल्यांच्या गच्च्यांवरून एक लहानशी आकृती झेपावत जाताना दिसते. तिच्याकडे रोखून पाहण्याची सोयच ठेवलेली नाही. खेळाच्या चित्रकलेची धुरा संस्थेच्या एक संस्थापिका श्रुती घोष यांच्याकडे होती. राजस्थानी वास्तू, पहाडी चित्रशैलीचे रंग, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली कथा : डोळ्यांना ही मेजवानीच आहे, आणि ती आपल्या ओळखीची आहे.

अर्ध्या तासानंतर शंका येऊ लागतात. राजी घराबाहेर पडते ती भावासाठी. खेळाची सुरुवातच रक्षाबंधनाच्या दिवशी होते. राखीचा अर्थ येथे उलटा झाला आहे, बहीण रक्षण करते, हे छानच. परंतु खेळांतले पुरुष खजिना शोधायला, अंतराळात भटकायला, नुसते काय आहे ते बघायला म्हणूनही निघतात. मुलीला मात्र उंबरठा ओलांडायला नात्यातले कारण लागते. शाळेच्या सहलीची परवानगी मागायला आलेल्या मुलींचे अर्ज वाचलेल्या शिक्षकांना हे लगेच ओळखू येईल.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. खेळभर दुर्गा आणि विष्णू राजीच्या हालचालींवर बोलत असतात. शस्त्रे तीही देवांची. तिचे कसब आधीपासून तिचे स्वतःचे आहे, ती रस्त्यावर कसरती करून शिकली आहे. पण कथा त्यावर विश्वास टाकत नाही, तिला वरून निवड व्हावी लागते. मारिओ हा नळदुरुस्ती करणारा साधा माणूस. त्याच्या पराक्रमाचा खुलासा कोणत्याही देवाने केलेला नाही, आणि कोणी मागितलाही नाही. मुलीचे सामर्थ्य दिसले की त्यात देवीचा अंश शोधायचा, ही आपली जुनी सवय. ती आदराची वाटते, पण सरावाचे श्रेय तेवढे काढून घेते. आमच्या मते या खेळाचा खरा कमकुवतपणा हाच. शेवटही घाईने, अर्धवट सोडल्यासारखा येतो, पण ते एकवेळ चालेल.

खेळात अधूनमधून एक कोडे येते. वर्तुळाकार चित्राच्या कड्या विस्कटलेल्या असतात; त्या फिरवून चित्र जुळवायचे. ही कोडी सोपी आहेत, आणखी कठीण असती तर बरे झाले असते. कारण मनातल्या मनात आकृती फिरवून पाहणे ही नेमकी ती क्षमता आहे, जिच्यात मुली उपजतच मागे असतात असे भूमितीच्या तासाला आणि आयटीआयच्या ड्रॉइंगच्या वर्गात सर्रास म्हटले जाते.

या म्हणण्याची परीक्षा झालेली आहे. कॅनडातील टोरांटो विद्यापीठात जिंग फेंग, इयान स्पेन्स आणि जे प्रॅट यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात व्हिडिओ गेम न खेळणाऱ्या तरुण-तरुणींना १० तास खेळायला लावले. काहींना वेगवान लढाईचा खेळ, काहींना संथ कोड्यांचा. लढाईचा खेळ खेळलेल्या गटात आकृती फिरवण्याच्या चाचणीचे गुण वाढले, आणि मुलींचे मुलांपेक्षा अधिक वाढले. काही महिन्यांनंतरही ही वाढ टिकून होती. प्रयोगातील माणसे जेमतेम वीस होती, तेव्हा त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. 'टेट्रिस'वरच्या काही प्रयोगांत तर सरावाचा फायदा त्या खेळातल्या आकारांपुरताच राहिलेला दिसला. परंतु २०१३ साली अशा २१७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला, त्यातून एवढे निश्चित झाले की ही क्षमता सरावाने वाढते, मुलांत आणि मुलींत दोघांतही.

आपल्या देशातला पुरावा याहून बोलका आहे. ईशान्य भारतात खासी आणि कार्बी हे दोन समाज शेजारी राहतात. खासींमध्ये मालमत्ता मुलीकडे जाते, कार्बींमध्ये मुलाकडे. मोशे हॉफमन, युरी ग्नीझी आणि जॉन लिस्ट यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन्ही समाजांतील बाराशेहून अधिक लोकांना चार तुकड्यांचे एक लाकडी कोडे जुळवायला दिले. कार्बींमध्ये पुरुष स्त्रियांपेक्षा स्पष्टपणे वेगाने जुळवत होते. खासींमध्ये असा फरक आढळला नाही. कार्बींमधल्या फरकाचा काही भाग स्त्रियांच्या कमी शिक्षणाशी जोडलेला होता. डोंगर तेच, हवा तीच. बदलले होते ते घर कोणाच्या नावावर आहे हे, आणि मुलींना शाळा किती मिळाली हे.

आज चितेगावात काय, कुठेच काय, टीव्हीला लावायचा तो गेम राहिलेला नाही. खेळ मोबाइलवर आला. म्हणजे दुसरा रिमोट संपला असे वाटावे, पण वस्तू एकच असली की ती कोणाच्या खिशात हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्के निघाल्या. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. ज्यांच्या हाती मोबाइल आहे त्यांतल्या कितीतरी मुली खेळताना मुलाचे नाव घेतात आणि माइक बंद ठेवतात. आवाज ऐकू गेला की खेळाऐवजी त्यांच्यावरच शेरे सुरू होतात. माइक बंद ठेवणाऱ्या खेळाडूला आपल्या संघाला सूचना देता येत नाहीत, तिचा खेळ पडतो. पुन्हा तेच चक्र. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी देशातल्या सात नामवंत गेमरांची भेट घेतली, त्यांत स्त्री एकच होती : महाराष्ट्राला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या पायल धारे. तिच्याकडे बोट दाखवून "बघा, मुलीही खेळतात" असे म्हणता येते. आम्हांला उरलेल्या सहा खुर्च्यांचेही कुतूहल वाटते.

मुलामुलींनी तासन्‌तास मोबाइलवर खेळत बसावे असे आमचे म्हणणे नाही. मुलगे आजही गरजेपेक्षा जास्त खेळतात, आणि ती काही बरोबरी साधण्याजोगी गोष्ट नव्हे. पण यंत्र हाती घेऊन चुका करण्याची मुभा ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिचे वाटप शाळेतही होते. तीन मुलांमागे एक संगणक असलेल्या शाळेत, संगणकाच्या तासाला, एका कागदावर नुसते लिहून पाहावे : माऊस कोणाच्या हातात किती मिनिटे होता, आणि शेजारी बसून वहीत उतरवून घेण्याचे काम कोणाकडे आले. प्रयोगशाळेतही असेच पाहता येईल. परीक्षानळी कोण धरते आणि निरीक्षणे कोण लिहिते. अक्षर चांगले म्हणून मुलींना लिहायला बसवले, असे उत्तर मिळण्याचा संभव आहे.

त्यानंतर महिनाभर पाळी घड्याळावर लावावी. दर ५ मिनिटांनी हात बदलायचा, चूक झाली असो वा नसो. जीव गेला की पाळी गेली, हा मारिओचा नियम वर्गात ठेवू नये. पहिल्या आठवड्यात कुरकुर होईल. ती कोणाकडून जास्त येते, तेही त्याच कागदावर टिपून ठेवावे.