तार आणि गळा : अल्पपरिचित गायनपार्ट्यांच्या निमित्ताने

दीघनिकायातील सक्कपञ्हसुत्तात एक प्रसंग आहे. भगवान बुद्ध मगध देशी, राजगृहाच्या पूर्वेस, वेदियक पर्वतावरील इंदसाल गुहेत विहार करीत असता पञ्चसिख नावाचा गंधर्व तेथे येतो आणि वीणा छेडून गाऊ लागतो. त्याच्या गीतात बुद्ध, धम्म आणि अर्हत यांचे स्मरण आहे, तसेच त्याच्या स्वतःच्या प्रेमाची व्यथाही आहे. गाणे संपल्यावर भगवान त्याला सांगतात की, तुझ्या तारेचा स्वर गळ्याच्या स्वराशी जुळतो आणि गळ्याचा तारेशी. एक दुसऱ्याला ओलांडून जात नाही. त्यानंतर ते विचारतात, ही गीते तू केव्हा रचलीस?

संगीताकडे कसे पाहावे याचे एक परिपूर्ण माप या दोन वाक्यांत आहे, असे आम्हाला वाटते. प्रथम स्वराचा तोल, मग रचनेची चौकशी. आमच्याकडील भीमगीतांच्या समीक्षेने मात्र या दोन्ही गोष्टी बाजूस ठेवल्या आहेत. आम्ही गीतांचे शब्द छापले, त्यांतील विचार तपासला, त्यांवर प्रबंध लिहिले; पण ती गीते कानांनी फारच थोडी ऐकली.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे अगत्याचे आहे. बौद्धांनी गाण्याचे कौतुक करावे काय? धम्म लांबलचक गीतस्वरात म्हणण्याचे दोष विनयात सांगितले आहेत, ते भिक्खूंसाठी. नृत्य, गीत, वादन यांपासून विरत राहण्याचे शील अष्टशीलात येते, ते उपोसथाचे. उपासकाच्या नित्याच्या पंचशीलात ते नाही. तेव्हा गाणे ऐकावे की नाही, हा प्रश्नच नाही. कसे ऐकावे, हा खरा प्रश्न आहे.

आंबेडकरी जलशाची परंपरा सत्यशोधक जलशांतून आली. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमाशाचा साचा घेतला, पण त्यातील आशय पालटला. आपली दहा भाषणे आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असे बाबासाहेब म्हणाल्याचे सांगितले जाते. पुढे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी गावोगाव फिरून हजारो गीते रचली आणि गायिली. विठ्ठल उमप नागपूर येथे २६ नोव्हेंबर २०१० रोजी रंगमंचावरच गेले. ही मोठी नावे सर्वांस ठाऊक आहेत. परंतु परंपरा केवळ मोठ्या नावांवर टिकत नाही. ढोलकी, खंजिरी, एकतारी आणि दोन झीलकरी एवढ्या सामग्रीवर वस्तीत, विहाराच्या ओट्यावर, लग्नाच्या मांडवात रात्र जागवणाऱ्या असंख्य लहान पार्ट्यांनी ती तोलून धरली.

६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कच्या परिसरात पुस्तकांच्या दुकानांमधून हिंडताना अशा पार्ट्या आजही भेटतात. एकदा आम्ही अशाच एका बाईंसमोर बसलो. हाती एकतारी, शेजारी खंजिरी वाजविणारा मुलगा. चाल एका जुन्या हिंदी चित्रपटातील होती. उसन्या चालींवर सुशिक्षित मंडळी नाक मुरडतात. आमचेही मन क्षणभर मागे सरले. पण बाईंनी चालीची लय निम्म्यावर आणली होती. धृपद संपताच त्या गळा थांबवीत आणि तार एकटीच चालू राही. त्या रिकाम्या जागेत मागील ओळीचा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात उतरे. उसनी चाल त्यांनी आपली करून घेतली होती. मग पलीकडच्या मोठ्या कर्ण्यांवरून दुसरे गीत सुरू झाले आणि बाईंचा आवाज बुडाला. कर्ण्यावरचे गीतही बाबासाहेबांचेच होते, हे सांगताना आम्हाला खेद होतो.

स्वर ओलांडून जाणे म्हणतात ते हेच. जयंतीच्या मिरवणुकीत छातीवर आदळणारा ठोका ऐकणाऱ्याला हलवितो. पण विचारास अवकाश ठेवीत नाही.

तथापि लहान आहे म्हणून सर्व चांगले, असे आमचे म्हणणे नाही. पुष्कळ पार्ट्या बेसूर गातात. काही गीतांत बाबासाहेबांस देव ठरवून नवस बोलण्यापर्यंत मजल जाते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या २२ प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने अशा गीतास गोड गळ्यासाठी सूट देऊ नये. आणखी एक अवघड गोष्ट आहे. गावकीत सक्तीने वाजवावे लागणारे वाद्य आमच्या वडीलधाऱ्यांनी खाली ठेवले, ते स्वाभिमानाने. त्या वाद्यांकडे पुन्हा वळताना मनात अढी येते, ती समजण्याजोगी आहे. परंतु हुकुमावरून वाजविणे आणि आपल्या मुक्तीसाठी वाजविणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एकतारी हाती धरणाऱ्या विलास घोगरे या शाहिराने, रमाबाई नगरातील ११ जुलै १९९७ च्या गोळीबारानंतर, चारच दिवसांनी स्वतःचे जीवन संपविले. त्यांचे वाद्य शोभेसाठी नव्हते, हे वेगळे सांगावयास नको.

आता पञ्चसिखाला विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. कोणी रचले, केव्हा रचले? आमच्याकडे कवी शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतो. तेच कडवे गाताना गाळले की कवी पुसला जातो. याउलट हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या जमविताना गाणारीचे नाव व गाव टिपून ठेवले. बाबासाहेबांवरील कित्येक ओव्या आज त्यामुळेच गाणारीच्या नावासह उपलब्ध आहेत. एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात यांना लोकांनी भ्रमणध्वनीवरील चित्रफितींतून ओळखले, समीक्षकांनी नव्हे. ही आमच्यासाठी भूषणाची बाब नाही.

वाचकांस आमची एवढीच विनंती आहे. पुढच्या पौर्णिमेस विहारात ध्वनिक्षेपकाविना एखाद्या वृद्ध गायकास बोलवावे. जवळ बसून ऐकावे. सूर चुकला तर तसे सांगावे, जुळला तर दाद द्यावी. आणि उठण्यापूर्वी वहीत गीताचा पहिला शब्द, कवीचे नाव, चाल कोठली, गाणारा कोण आणि तारीख एवढे लिहून घ्यावे. मानधनाचे पाकीट देण्यास विसरू नये. तो गळा पुढील वर्षी असेलच असे नाही. अनित्यतेचा हा पाठ तरी आम्ही पुरेसा शिकलो आहोत.