मतदाराचे वाचन

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकाने निवडणुकीच्या कागदांची चर्चा का करावी, असे एखादा वाचक विचारील. काव्य व कादंबरी आवडीने वाचणारांची संख्या आपल्याकडे मोजकीच; परंतु निवडणूक जवळ आली की एरवी पुस्तकास हात न लावणारा गृहस्थही वाचक बनतो, आणि त्याच्या त्या वाचनाचे बरेवाईट फळ सर्वांनाच भोगावे लागते. तेव्हा त्याच्या हाती पडणारे गद्य कोणत्या प्रतीचे आहे, याची परीक्षा करणे हे टीकाकाराचे कामच होय.

छत्रपती संभाजीनगरापुरते बोलावयाचे तर प्रौढ मताधिकाराने मतदान येथे प्रथम झाले ते १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत. त्यापूर्वी निजामी राजवटीत तो हक्कच नव्हता. त्यानंतर कित्येक वर्षे मतदाराचे वाचन म्हणजे मुख्यतः वर्तमानपत्र. आ. कृ. वाघमारे यांनी काढलेले आणि पुढे अनंत भालेराव यांनी संपादिलेले ‘मराठवाडा’ पत्र निःपक्षपाती होते, असे कोणी म्हणणार नाही. पण ते कोणाचे मत मांडते हे वाचकास ठाऊक असे, आणि न पटल्यास पत्र कोणास लिहावयाचे हेही ठाऊक असे. आज तोच मतदार भ्रमणध्वनी उघडतो, आणि इंटरनेटवर त्याच्यासमोर दोन अगदी भिन्न जातींचे गद्य येते. एक शपथेवर लिहिलेले, दुसरे निनावी.

पहिले गद्य म्हणजे उमेदवाराचे शपथपत्र, कायद्याच्या भाषेत ‘नमुना २६’. अहमदाबादेतील काही प्राध्यापकांनी १९९९ साली स्थापिलेल्या असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेच्या खटपटीतून हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. उमेदवाराची माहिती मिळणे हा मतदाराचा हक्क आहे, असा निर्णय न्यायालयाने २००२ साली दिला. त्यास बगल देण्यासाठी संसदेने केलेली कायद्यातील दुरुस्ती २००३ साली रद्द ठरविली. आपणांवरील खटले, मालमत्ता, कर्ज, पाच वर्षांचे प्राप्तिकर-विवरणातील उत्पन्न व शिक्षण ही सर्व माहिती उमेदवार येथे स्वतःच्या सहीने देतो, आणि जाणूनबुजून खोटे लिहिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. निवडणुकीच्या साऱ्या वाङ्मयात लेखकास शब्दाचे मोल द्यावे लागते असे लेखन हे बहुधा एकच. शिवाय त्यात विशेषण औषधालाही सापडत नाही, हा गुण आमच्या पुष्कळ नामांकित लेखकांनी घेण्यासारखा आहे.

दुर्दैवाने गुणांची यादी येथेच संपते. पुष्कळ शपथपत्रे म्हणजे कागदांची नुसती छायाचित्रे. त्यांत शब्द शोधता येत नाही. खटल्यांच्या रकान्यात कलमांच्या क्रमांकांची रांग असते. पण गुन्हा मोर्चा काढल्याचा की कोणास मारहाण केल्याचा, हे सामान्य वाचकास चटकन उलगडत नाही. शोधणारास आणखी एक ठेच लागते. शहराचे नाव २०२३ साली बदलले. परंतु २०२४ च्या दोन्ही निवडणुकांत मतदारसंघांची नावे ‘औरंगाबाद’ अशीच राहिली. निवडणूक आयोगाचे ‘नो युअर कँडिडेट’ हे अॅप लोकसभा-विधानसभेपुरते होते. जानेवारी २०२६ मध्ये महानगरपालिकेच्या ११५ जागांसाठी मतदान झाले, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाचे निराळे दार ठोठावणे भाग होते. त्यातही बहुतेक प्रभागांत एकेका मतदारास चार मते द्यावयाची. इतके श्रम करूनही त्यास हवे ते मिळतेच असे नाही. धरण उशाला आणि कोरड घशाला, अशी या शहराची स्थिती. जायकवाडी जवळ असून नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते. त्या बाबतीत उमेदवाराने काय केले, याविषयी शपथपत्र मौन पाळते.

दुसरे गद्य व्हॉट्सअॅपवरून फिरते. लेखनकलेच्या दृष्टीने ते पुष्कळ सरस आहे, हे मान्य केले पाहिजे. ते आटोपशीर असते, बोलीत असते, आणि वाचकाच्या भीतीला व अभिमानाला नेमका स्पर्श करते. त्याचे खरे बळ मात्र निराळेच आहे. ते घरी येते ते मामांच्या किंवा शेजारच्या गुरुजींच्या नावाने. मजकुराचा कर्ता अज्ञात. पत मात्र पाठविणाराची. उसन्या पतीवर चालणारा हा व्यवहार पेढीवर कोणी क्षणभर खपवून घेणार नाही. वाचनात आपण तो रोज खपवून घेतो. औरंगाबाद लोकसभा मतदारसंघाचा निकाल २०१९ साली ४,४९२ मतांनी लागला, आणि औरंगाबाद पूर्व विधानसभेचा २०२४ साली २,१६१ मतांनी. त्या निकालांचे श्रेय वा दोष कोणत्या संदेशास द्यावयाचा नाही. पण इतक्या थोड्या मतांवर जेथे निकाल फिरतो, तेथे एकेका घरातील एकेक संदेश हा केवळ करमणुकीचा विषय राहत नाही.

या दोहोंच्या मधोमध एक तिसरा प्रकार आहे. खटले अंगावर असलेला उमेदवार का निवडला, याची कारणे पक्षाने ४८ तासांच्या आत जाहीर करावीत, आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढेच कारण चालणार नाही, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. तो नीट न पाळल्याबद्दल २०२१ साली काही प्रमुख पक्षांना दंडही झाला. हे लेखन म्हणजे पक्षाने स्वतःच्या निवडीवर केलेली टीकाच होय. परंतु लोकप्रियता, समाजसेवा आणि राजकीय आकस या तीन शब्दांवर भागविण्याचा मोह त्यात फार. ज्या कारणात उमेदवाराचे नाव बदलले तरी वाक्य बदलावे लागत नाही, ते कारण नव्हे.

मग इंटरनेटच वाईट, असे म्हणावे काय? आमच्या मते तो उफराटा न्याय होईल. एकाच उमेदवाराची २०१४, २०१९ व २०२४ ची शपथपत्रे घरबसल्या शेजारी ठेवून वाचण्याची सोय पूर्वीच्या कोणत्याही मतदारास नव्हती. एक शपथपत्र म्हणजे नुसती यादी. तीन मिळून चरित्र होते. संपत्ती किती वाढली, खटले मिटले की वाढले, व्यवसायाच्या रकान्यात काय बदलले, हे त्यांत सलग दिसते. उणीव आहे ती मध्यस्थाची. ही शपथपत्रे वाचून, कलमांचा अर्थ सुबोध मराठीत सांगून, त्याखाली स्वतःचे नाव घालणारा लेखक प्रत्येक प्रभागाला हवा. स्थानिक पत्रांनी व महाविद्यालयांतील अध्यापकांनी हे काम अंगावर घ्यावे. तोवर घरातील कर्त्या माणसांनी एवढे तरी करावे, की संदेश पुढे धाडण्यापूर्वी त्याखाली सही कोणाची आहे ते पाहावे. आणि सही नसेल, तर आपण तो आपल्या सहीने पाठवू काय, हे स्वतःस विचारावे.