संगणकीय प्रतिस्पर्ध्याची मुत्सद्देगिरी : वारणेच्या तहाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

इतिहासावर आधारित व्यूहरचनेचे संगणकीय खेळ आज महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या इतिहासविषयक कल्पनांवर प्रभाव टाकीत आहेत. स्वीडनमधील पॅराडॉक्स या कंपनीचा ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’ (२०१३) हा खेळ १४४४ ते १८२१ हा कालखंड जगाच्या नकाशावर मांडतो. खेळाडू एक राज्य चालवितो. उर्वरित राज्यांचे निर्णय संगणक घेतो. अशा खेळांतील संगणकाला मुत्सद्देगिरी साधत नाही, ही खेळाडूंची जुनी तक्रार आहे. तिचे मूळ संगणकाच्या बुद्धीत आहे की त्याला दिलेल्या तहाच्या कल्पनेत आहे, याचा विचार एका परिचित तहाच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वारणेचा तह

१७२७-२८ मध्ये कोल्हापूरच्या संभाजीराजांनी सातारच्या शाहू महाराजांविरुद्ध निजामाशी हातमिळवणी केली. पालखेडच्या पराभवानंतर मुंगी-शेवगावच्या तहाने (१७२८) निजामाला संभाजीराजांचा पक्ष सोडावा लागला. १७३० मध्ये वारणाकाठी संभाजीराजांच्या सैन्याचाही पराभव झाला. तथापि फेब्रुवारी १७३१ मध्ये मलकापूरपासून जवळच असलेल्या जखिणवाडी येथे या दोन चुलतबंधूंची सन्मानपूर्वक भेट झाली आणि १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह ठरला.

या तहाची कलमे लक्षणीय आहेत. विजयी पक्षाने वारणेच्या दक्षिणेकडील प्रदेश संभाजीराजांचा म्हणून मान्य केला आणि मिरज, तासगाव, अथणी येथील ठाणी स्वतःकडे घेतली. कोप्पळ देऊन त्याच्या मोबदल्यात रत्नागिरी घेतली. वडगावचे ठाणे पाडावयाचे ठरले. तुंगभद्रेपासून रामेश्वरपर्यंतच्या मुलुखात दोघांचा निम्मा-निम्मा वाटा ठरला. एकाच्या शत्रूचे पारिपत्य दुसऱ्याने करावे आणि एकाचे चाकर दुसऱ्याने ठेवू नयेत, असेही बंधन घालण्यात आले.

खेळातील तह

‘युरोपा’मध्ये दोन राज्यांचे संबंध उणे दोनशे ते अधिक दोनशे या मर्यादेतील एका अंकात मोजले जातात. युद्धातील यशापयशाला गुण असतात आणि प्रत्येक प्रदेशाला किंमत असते. जमलेल्या गुणांतून विजेता प्रदेश विकत घेतल्याप्रमाणे घेतो. येथे मागणे आणि देणे यांपैकी एकच गोष्ट एका तहात करता येते. म्हणजेच कोप्पळ देऊन रत्नागिरी घेणे, हे वारणेच्या तहातील साधे कलमही तेथे मांडता येत नाही. चाकरांविषयीचे कलम, अद्याप हाती न आलेल्या मुलुखाची वाटणी, यांना तर तेथे स्थानच नाही. तहानंतर ठरावीक वर्षांचा युद्धविराम असतो. तो संपला की तहाचे बंधनही संपते.

दुसरी उणीव राज्याच्या कल्पनेत आहे. वारणेच्या तहापूर्वी अवघे बारा दिवस, १ एप्रिल १७३१ रोजी, डभईच्या लढाईत बाजीराव पेशव्यांनी शाहू महाराजांचेच सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांचा पराभव केला होता. ज्या दरबारात पेशवा आणि सेनापती परस्परांशी लढतात, त्याला दक्षिणेकडील भाऊबंदकी मिटविण्याची निकड का वाटावी, हे सहज समजते. राज्यांतर्गत गट ‘युरोपा’तही आहेत, परंतु तहाच्या बोलणीत त्यांना स्वतंत्र पक्ष म्हणून स्थान नाही. राज्य म्हणजे एकच मन, असे तेथे गृहीत धरलेले दिसते.

बोलता येणारा संगणक

यावर उपाय म्हणून संगणकाला संभाषण शिकवावे, असे सुचविले जाते. मेटा कंपनीच्या ‘सिसरो’ या प्रणालीने २०२२ मध्ये ‘डिप्लोमसी’ या पटावरील खेळात माणसांशी लेखी वाटाघाटी करून उत्तम यश मिळविले. पुढे या प्रणालीने सहकाऱ्यांची फसवणूक केल्याची टीकाही अभ्यासकांनी केली. या टीकेचा विचार करताना खेळाची रचना विसरता येणार नाही. चौतीसपैकी अठरा केंद्रे जिंकणारा तेथे एकटाच विजयी ठरतो. त्यामुळे निर्भेळ विजय हवा असेल तर प्रत्येक मैत्री केव्हातरी मोडावीच लागते. वाक्चातुर्य वाढले तरी वचन पाळण्याचे प्रयोजन खेळातच नसेल, तर मुत्सद्देगिरी केवळ कपटापुरती उरते.

‘युरोपा’ची एक बाजू मात्र मान्य करावी लागेल. संगणक प्रस्ताव का नाकारतो, त्याची कारणे तो आकड्यांसह दाखवितो. अध्यापनाच्या दृष्टीने ही पारदर्शकता मोलाची आहे. सुधारणेच्या नावाखाली ती गमावता कामा नये.

निष्कर्ष

या विवेचनावरून तीन सुधारणा सुचविता येतात. एकाच तहात देवाण आणि घेवाण शक्य असावी. तहाची कलमे युद्धविरामानंतरही बंधनकारक राहावीत आणि ती मोडल्याची आठवण इतर राज्यांनीही ठेवावी. दरबारातील पक्षांना तहावर प्रभाव टाकता यावा. यांपैकी एकाही सुधारणेसाठी संगणक अधिक धूर्त असण्याची गरज नाही. तहाची कल्पना तेवढी व्यापक हवी.

हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. जिंकणारा घेतो आणि हरणारा देतो, एवढाच तहाचा अर्थ घेऊन विद्यार्थी वर्गात आला, तर जखिणवाडीला विजेत्याने पराभूत भावाला सन्मानाने का भेटावे, हे त्याला उमगणार नाही. तो शाहू महाराजांचे औदार्य तरी म्हणेल किंवा दुबळेपणा तरी. त्यामागील राजकारण त्याच्या नजरेतून निसटेल; आणि ते दाखवून देण्याची जबाबदारी अखेर आपणा अध्यापकांवरच येऊन पडते.