‘आज्ञापत्रा’तील आरमार प्रकरण : पुरवठा-नियोजनाच्या अंगाने चिकित्सा

प्रास्ताविक :
रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्र’ या अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथातील आरमार प्रकरणाकडे बहुधा दोन अंगांनी पाहिले जाते : सागरी सत्तेचे भान आणि रयतेच्या झाडांविषयीची कळकळ. दोन्ही वाचने यथार्थ असली तरी अपुरी आहेत. जहाज बांधण्याइतकेच ते वर्षानुवर्षे चालते ठेवणे अवघड असते, ही जाणीव या प्रकरणाच्या मुळाशी आहे.

विवेचन :
आरमाराचा खर्च बंदराच्या उत्पन्नावर न सोपवता त्यासाठी स्वतंत्र नेमणूक करावी, असे अमात्य सांगतात. अन्यथा सावकारांना उपद्रव होऊन बंदरच बुडेल. पावसाळ्यापूर्वी जहाजे सुरक्षित बंदरात छावणीस आणावीत, ही आज्ञाही देखभालीच्या वार्षिक चक्राशी निगडित आहे. सागवान परवानगीने तोडावे, कमी पडल्यास परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, जीर्ण झाड धन्याच्या संमतीने व मोबदला देऊनच घ्यावे, हा नियम दयाबुद्धीचा आहेच. पण जे वाढण्यास वर्षे लागतात ते एका हंगामात संपवू नये, हा हिशेबही त्यात आहे.

या विचाराचे महत्त्व आधुनिक उदाहरणाने स्पष्ट होते. मुंबईच्या माझगाव गोदीत ‘शिवालिक’ युद्धनौकेची बांधणी 2001 मध्ये सुरू झाली. परंतु रशियाकडून यावयाचे विशेष पोलाद वेळेवर न आल्याने काम रखडले. अखेर देशातच विकसित झालेले पोलाद वापरावे लागले. नौका 2010 मध्ये नौदलात दाखल झाली. ‘कोलकाता’ 16 ऑगस्ट 2014 रोजी दाखल झाली. तिच्यावरून ‘बराक-8’ क्षेपणास्त्राची पहिली चाचणी मात्र डिसेंबर 2015 मध्ये झाली. सांगाडा तयार असूनही सामग्रीअभावी सामर्थ्य अपुरे राहते, हे यातून दिसते.

मर्यादा :
तथापि ‘आज्ञापत्रा’चा गौरव करताना सावधगिरी हवी. तो आदर्शांचा ग्रंथ आहे, व्यवहाराचा दप्तरी पुरावा नव्हे. तुकडीतील गुराबा-गलबतांची संख्या तो सांगतो. सामग्री किती आणि किती काळ आधी जमवावी, याचे माप देत नाही. नियोजनाची नीती त्यात आहे, गणित नाही.

समारोप :
म्हणून हे प्रकरण केवळ अभिमानाचा विषय न ठेवता इतिहास, वाणिज्य व संरक्षणशास्त्र या विषयांत एकत्रितपणे अभ्यासले जावे. खरेदीच्या करारातच देखभालीचा विचार असावा, हे आजचे तत्त्व मराठी राजनीतीला अपरिचित नव्हते. ते अंमलात किती उतरले, हा प्रश्न मात्र संशोधनाला खुला आहे.